आईची लीद

पिल्लाच्या तोंडात गेलेली लीद शालिनीबाईंनी दोन बोटं घालून बाहेर काढली. पहिला घास निघाला तसा त्याने जिभेमागे दडवलेला दुसरा घास गालात सरकवला. तोही त्यांनी ओढून काढला. हातात रबरी मोजे होते, तरी तो कोमट, काड्याकाड्यांचा चोथा बोटांना नीट कळला. "शी, शी, शी," असं पुटपुटत त्यांनी पिल्लाच्या सोंडेवर ओल्या टॉवेलचा हलकासा फटका दिला. पिल्लाने मुकाट्याने सोंड स्वतःच्या तोंडात घातली आणि ते ती चोखत उभं राहिलं.

दारात मानसिंगराव लिदीनं भरलेलं घमेलं घेऊन तसेच उभे होते. सत्तरीचा माणूस, पण पाठ ताठ. त्यांचे आजोबा संस्थानच्या हत्तीखान्यात माहूत होते आणि त्यानंतर हत्ती गेले, संस्थान गेलं, तरी घराण्याने दुसरं काही शिकायचं मनावर घेतलं नव्हतं.

"घमेलं या दारावरून नेऊ नका म्हणून किती वेळा सांगायचं, मानसिंगराव?"

"मग कुठनं नेऊ? मागची वाट तर तुमच्या काचेच्या खोलीनं खाल्ली."

"झाकून न्या."

"झाकलं तरी त्याला कळतं, बाई. आईची लीद आहे ती. खाऊ द्या की दोन घास. लहानपणी सगळीच पिल्लं खातात."

"लहानपणी सगळी पोरं मातीही खातात. म्हणून आपण काय ताटात वाढतो का?"

मानसिंगराव घमेलं सावरत भिंतीपलीकडे गेले. शालिनीबाईंनी मोजे उलटे करून काढले, झाकणाच्या डब्यात टाकले, कोपरापर्यंत हात साबणाने धुतले आणि वहीत नोंद केली: 'सकाळी ८.४०. तोंडात गेलेली घाण काढली.' अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं.

एकतीस वर्षं त्यांनी बडोद्याच्या एका दवाखान्यात नवजात बाळांचा वॉर्ड सांभाळला होता. मुठीएवढी पोरं त्यांनी जगवली होती, आणि ती कशानं जगली असं कुणी विचारलं तर त्या एका शब्दात उत्तर देत: स्वच्छतेनं. आईनेसुद्धा हात धुतल्याशिवाय बाळाला शिवायचं नाही, हा त्यांचा नियम होता. नाकात बोट घालून तोच हात पाळण्यात घालणाऱ्या एका आजोबांना त्यांनी सगळ्यांदेखत वॉर्डाबाहेर काढलं होतं. घाणीची त्यांना नुसती चीड नव्हती, तिच्याशी त्यांचं वैर होतं.

निवृत्तीनंतर दांडिया बझारच्या घरात बसून भिंती पुसण्याचा कंटाळा आला, तेव्हा हे काम चालून आलं. डभोई रस्त्यावर, कपुराई चोकडीच्या बरंच पुढे, एका शेठांनी शेतघराच्या आवारात प्राण्यांचा आसरा काढला होता. कारभार त्यांची सून रिंकलबेन बघायची. पूर्वी मिरवणुकांना जाणारी रूपकळी नावाची हत्तीण तिथे होती आणि पाच महिन्यांपूर्वी तिला पिल्लू झालं होतं. रिंकलबेनने त्याचं नाव पॉपकॉर्न ठेवलं. मानसिंगरावांच्या तोंडात ते नाव बसेना, म्हणून ते त्याला नुसतं पोर म्हणत.

तीन आठवड्यांपूर्वी पोराला आईपासून काढून भिंतीअलीकडच्या काचेच्या खोलीत आणलं. आईला दूध कमी आहे, असं कारण सांगितलं गेलं. खरं कारण काचेच्या दारावरच चिकटवलेलं होतं: बाटलीने दूध पाजा, फोटो काढा, अकरा ते एक. आई शेजारी उभी असली की लोक घाबरायचे. शालिनीबाईंना मात्र वेगळं ठेवणं मनापासून पटलं होतं, कारण रूपकळीच्या थानाला धूळ होती, पायाशी मूत होतं आणि लिदीवर माश्या होत्या. खोलीला पांढऱ्या टाइल्स लावा असं रिंकलबेनला त्यांनीच सांगितलं. फोटोत टाइल्स छान दिसतील म्हणून रिंकलबेनने त्या दोन दिवसांत बसवूनही घेतल्या.

अकराला लोक आले.

शालिनीबाईंना त्या दोन तासांसाठी पांढरा कोट आणि डोक्यावर परिचारिकेची टोपी घालावी लागे. टोपी वॉर्डात कधीच बंद झाली होती, पण रिंकलबेनला ती हवी होती, आणि खरं सांगायचं तर बाईंनाही ती आरशात बरी दिसायची. बाटल्या रिंकलबेन स्वतः भरून आणायची. दूध गुलाबी असे. त्यात रोझ सिरप होतं, साखर होती, आणि ते फोटोत चांगलं उठून दिसायचं. बाईंनी पहिल्याच दिवशी हटकलं होतं.

"आंटी, थोडंच असतं," रिंकलबेन हसून म्हणाली होती. "बाकी दिवसभर तुमचं पावडरचं आहे ना?"

थोडं म्हणजे रोज तीस-पस्तीस बाटल्या. पिल्लू पहिल्या दहा आनंदानं प्यायचं, पुढच्या दहा सवयीनं, आणि उरलेल्या त्याच्या हनुवटीवरून टाइल्सवर ओघळायच्या.

आज एक बाई आल्या होत्या, अत्तराचा इतका भपकारा की काच धुरकट व्हावी. त्यांनी पिल्लाचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि त्याच्या कपाळाचा मुका घेतला. लिपस्टिकचा डाग उमटला. मग त्यांच्या यजमानांनी त्याच जागेवर मुका घेतला, कारण पहिला फोटो हलला होता. मग मुलीने घेतला. कुणीतरी पिल्लाची सोंड उचलून गळ्यात मफलरसारखी टाकली. एका गृहस्थाने चाटलेल्या कुल्फीची काडी त्याच्या जिभेला लावून बघितली आणि "अरे, खातंय की!" म्हणून सगळ्यांना सांगितलं. शालिनीबाई ओला कपडा घेऊन मागे मागे पुसत होत्या. माणसांच्या थुंकीचा, लिपस्टिकचा, कुल्फीचा तो राप पुसताना त्यांना सकाळच्या लिदीपेक्षा जास्त शिसारी येत होती, आणि हे स्वतःशी कबूल करायला त्यांना जड जात होतं.

तेवढ्यात पिल्लाला जुलाब झाला. पातळ, हिरवट-पांढरा आणि आंबूस वासाचा. हा आजचा चौथा. लोक "ओऽऽ" करत काचेपर्यंत मागे सरकले. रिंकलबेनने चटकन लॅव्हेंडरचा फवारा मारला, बाईंनी टाइल्स पुसल्या, पिल्लाचा मागचा भाग धुतला, पावडर टाकली, आणि दोन मिनिटांत रांग पुन्हा लागली. पिल्लाचे मागचे पाय थरथरत होते. फोटोत पाय येत नसल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

गुरुवारी आणंदहून जनावरांच्या डॉक्टर आल्या. अवंती साने, तिशीच्या आतबाहेर, केस करकचून बांधलेले आणि पायात गमबूट. त्यांनी पिल्लाला मालाच्या काट्यावर उभं करवलं. बावीस दिवसांपूर्वी एकशे चौऱ्याऐंशी किलो होतं. आज काटा एकशे सदुसष्टवर थांबला.

"या वयात रोज अर्धा-पाऊण किलो वाढायला हवं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी पिल्लाचं पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, कानामागची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "ही खोली इतकी स्वच्छ कोण ठेवतं?"

शालिनीबाईंचा चेहरा खुलला. "मीच. दिवसातून तीनदा फिनेल. बाटल्या उकळून घेते. बाहेरची चप्पल आत येऊ देत नाही."

"पिल्लू आईची लीद खायला बघतं का?"

"बघतं म्हणजे काय! मेलं टपलेलंच असतं. अहो, तोंडातून काढावी लागते. मी स्वतः काढते."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी मान वर करून बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

"मॅडम, चारा पचवणारे सूक्ष्म जीव हत्तीच्या पिल्लाच्या पोटात जन्मतः नसतात," त्या म्हणाल्या. "ते आईच्या लिदीतून जातात. पिल्लू आईच्या मागे उभं राहतं, ताजी लीद पडली की तोंड घालतं. आई हुसकत नाही. त्याला ती हवी असते म्हणूनच ते टपलेलं असतं."

भिंतीपलीकडून मानसिंगराव खाकरले. ते सगळं ऐकत होते, आणि 'मी म्हणत नव्हतो?' असं म्हणायला आले नाहीत, एवढा मात्र त्यांचा मोठेपणा.

"आणि हे काय आहे?" डॉक्टरांनी गुलाबी थेंब बोटावर घेऊन हुंगला. "गायीचं दूध? साखर? त्यातली चरबी याला पचत नाही. जुलाब याचेच आहेत. हे आजच बंद. माणसं बंद. पिल्लू आईजवळ. ते ओढायला लागलं तर दूध परत वाढेलही, नाही तर पावडरचं आपण आईशेजारी उभं राहून पाजू. पण आधी आई, आणि आईची लीद."

डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद रिंकलबेनने वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

"आंटी, रविवार पछी जोईशुं," ती म्हणाली. जे काय ते रविवारनंतर बघायचं, कारण रविवारी पॉपकॉर्नचा हाफ बर्थडे होता. सहा महिने पुरे व्हायला अजून अवकाश होता, पण हा रविवार सगळ्यांना सोयीचा पडत होता. "चालीस फॅमिली छे. त्यानंतर दिवाळीपर्यंतचं बुकिंग आहे, त्यात थोडं अॅडजस्ट करू."

डॉक्टर गाडीत बसेपर्यंत शालिनीबाई त्यांच्या मागे गेल्या.

"तुम्ही वरती कुणाला सांगू शकत नाही का?"

"वनखात्याला आजच लिहिते. पण कागद जाऊन माणूस यायला पंधरा दिवस तरी लागतील."

"आणि हे काढेल पंधरा दिवस?"

"असंच दूध चालू राहिलं तर? मला नाही वाटत," डॉक्टर म्हणाल्या.

त्या संध्याकाळी घरी येऊन बाईंनी वही उघडली. बावीस दिवसांची पानं. 'तोंडात गेलेली घाण काढली.' 'घाण काढली, फटका दिला.' 'घाण काढली.' त्यांनी बोट ठेवत ठेवत मोजलं. एकसष्ट वेळा. एकसष्ट वेळा त्या पोराने आपलं औषध आपण शोधून तोंडात घातलं होतं आणि एकसष्ट वेळा शालिनी मोहित्यांनी, एकतीस वर्षांच्या अनुभवानं, ते बोटं घालून ओढून काढलं होतं. प्रत्येक नोंदीखाली त्यांनी पट्टीनं रेघ मारली होती. त्या सुबक रेघांची आणि त्या वळणदार अक्षराची त्यांना अशी किळस आली की वही मिटवतानासुद्धा त्यांनी ती कडेला धरून मिटवली.

शुक्रवारी सकाळी लोक यायच्या आत त्यांनी मानसिंगरावांना हाक मारली आणि घमेलं आत आणायला सांगितलं. मानसिंगरावांनी ते पिल्लासमोर ठेवलं. पिल्लाने आधी बाईंच्या हातातल्या टॉवेलकडे पाहिलं. मग हळूच एक घास उचलला आणि फटका यायची वाट बघत तसंच थांबलं. बाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं. लीद बघवत नव्हती म्हणून नव्हे.

तिसरा घास चालला होता तेव्हा छताच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याने चुगली केली. रिंकलबेन पायऱ्या उतरत आली ती ओढणी नाकाला लावूनच. काचेपाशी आली, पिल्लाच्या हिरव्या ओठांकडे तिची नजर गेली आणि ती तिथेच भिंतीला धरून वाकली. तिला खरोखरच उलटीची उबळ आली होती. डोळ्यांतून पाणी आलं, काजळ ओघळलं. "छी! आंटी! शुं गंदकी करो छो! मी याच्यासोबत कालच रील केली. माझ्या गालाला लावलं होतं मी त्याचं तोंड!" तिने ओढणीने गाल पुसला, कालचा गाल आज पुसला, आणि तरी समाधान होईना म्हणून वर जाऊन तोंड धुऊन आली.

परत आली ती हुकूम घेऊनच. घमेलं यापुढे कंपाउंडच्या बाहेरून जायचं. खोलीची किल्ली बाईंकडे राहणार नाही, लोक असतील तेवढा वेळच खोली उघडेल.

बाईंनी किल्ली देऊन टाकली. त्यांना राग यायला हवा होता, पण त्यांच्या डोळ्यांपुढून तो पुसलेला गाल हलत नव्हता. जुलाब झाले तेव्हा ही पोरगी डगमगली नव्हती, फवारा मारून मोकळी झाली होती. पाय लटपटत होते, वजन उतरत होतं, डॉक्टरांचा कागद पर्समध्ये होता, त्या कशानेही तिला काही झालं नव्हतं. लिदीने मात्र झालं.

रविवारी आवारात गुलाबी आणि पांढऱ्या फुग्यांची कमान लागली. रूपकळीला फाटकाजवळच्या लिंबाखाली साखळीने उभं केलं होतं, कपाळावर खडूची नक्षी काढून. माणसं तिच्यासमोर लांबून फोटो काढत आणि आत जात. चाळीस कुटुंबं म्हणजे दीडशे माणूस तरी होतं. टेबलावर केळ्यांचा केक, आणि गुलाबी बाटल्यांची रांग टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. गाणं लावून पिल्लाला काचेच्या खोलीतून हिरवळीवर आणलं. त्याच्या गळ्यात चमकीचा पट्टा होता. ते चार पावलं चाललं आणि बसलं. लोकांना वाटलं, लाडात आलंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शालिनीबाई कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कोटात, टोपी घालून फाटकाकडे चालत गेल्या.

"ताजी आहे का?" त्यांनी विचारलं.

मानसिंगरावांनी रूपकळीच्या मागे बोट दाखवलं. "आत्ताचीच आहे. पण बाई, मोजे..."

बाईंनी मोजे घातलेच नव्हते. त्या वाकल्या, ओंजळीत मावेल एवढा गोळा त्यांनी उचलला. गरम होता, आतून वाफ येत होती, आणि बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं. दात आवळून हिरवळीवरच्या गर्दीतून "जरा वाट द्या, जरा वाट द्या," म्हणत त्या थेट मधे गेल्या. लोकांनी सिस्टर आली म्हणून अदबीनं वाट दिली. मग ओंजळीत काय आहे ते दिसलं आणि वाट आणखी मोठी झाली.

पिल्लू वास येताच उठलं. त्यानं सोंडेची वाट पाहिली नाही, सरळ तोंडच ओंजळीत घातलं. आधाशासारखं ते खाऊ लागलं, बाईंच्या तळहाताला त्याची जीभ खरखरीत लागत होती. हिरवा रस त्याच्या हनुवटीवरून चमकीच्या पट्ट्यावर आला. खाऊन झाल्यावर रोजच्या सवयीनं त्यानं तोंड वर केलं आणि सर्वांत जवळ उभ्या असलेल्या, पांढऱ्या चिकनकारीच्या ड्रेसमधल्या बाईंच्या पोटाला लाडानं पुसलं.

त्या बाई किंचाळल्या. गाणं चालूच होतं. कुणाच्या तरी छोट्या मुलाने केक खाल्ला होता तो तिथेच बाहेर काढला.

"ये क्या खिला रही हो?" एका गृहस्थांनी विचारलं. हातातला फोन मात्र त्यांनी खाली घेतला नव्हता.

"लीद," शालिनीबाई म्हणाल्या. "आईची."

"आज ही खाया ना? रोज तो नहीं खाता?"

आता इथे शालिनीबाईंनी खरं सांगायला हरकत नव्हती. पंचवीस दिवसांत शुक्रवारचे अडीच घास सोडले तर त्याला एक काडी मिळू दिली नव्हती, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणाला माहीत होतं? एकतीस वर्षांत त्यांनी एकाही तक्त्यावर खोटा आकडा लिहिला नव्हता. डॉक्टर रागावले, नातेवाईक अंगावर आले, तरी नाही.

"रोज," त्या वॉर्डातल्या शांत, खणखणीत आवाजात म्हणाल्या. "रोज खाता है. आप लोग ग्यारह बजे आते हैं ना? साडेदस को खिलाते हैं. मुँह नहीं धोते, धोना मना है."

हळूहळू ते सगळ्यांपर्यंत पोचलं. दीडशे माणसांत रिंकलबेनचे जवळचे पुष्कळ होते, आधी दोन-दोन, तीन-तीनदा येऊन गेलेले. त्यांचे हात आपोआप ओठांकडे गेले. फोटो हलला म्हणून त्याच जागी मुका घेणारे ते यजमान एका कुंडीपाशी जाऊन थुंकू लागले. त्यांची बाई रुमालाने ओठ पुसत होती, पुसून रुमाल बघत होती आणि पुन्हा पुसत होती. कुणी रागावून ओरडलं असतं तर निभावलं असतं. लोक ओरडले नाहीत. त्यांनी पोरांचे हात धरले, बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि गाड्यांकडे निघाले. त्या गृहस्थांनी सगळं फोनवर टिपलं होतं, आणि फाटकाबाहेर पडायच्या आत ते किती जणांच्या फोनवर पोचलं कोण जाणे. रिंकलबेनचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. दिवाळीपर्यंतची नावं एकामागून एक गळत होती.

"आ शुं कर्युं तमे?" ती बाईंना म्हणाली. ती रडत होती, पण जवळ येत नव्हती. मग तिची नजर पिल्लाच्या हिरव्या तोंडाकडे गेली आणि चेहरा पुन्हा आक्रसला. "काका, लई जाओ एने. त्याच्या आईजवळ टाकून या. मला ते इथं दिसायला नको. आणि आंटी, तुम्हीपण उद्यापासून येऊ नका."

"बरं," शालिनीबाई म्हणाल्या.

मानसिंगरावांनी चमकीचा पट्टा सोडला आणि पोराला पुढे घातलं. मधे दोनदा ते बसलं. दोघांनी त्याला बखोटीला धरून उठवलं. लिंब दिसला तसं ते स्वतःहून चालू लागलं, मग धडपडत पळालं आणि आईच्या पुढच्या पायांत जाऊन घुसलं.

रूपकळीने सोंड खाली आणली. कपाळ हुंगलं, पाठ हुंगली, पोटाखाली नेली. आणि एकदम फुस्स करून सोंड मागे घेतली. एक पाऊल मागे सरकली. साखळी ताणली गेली. पिल्लू पुन्हा पुढे गेलं, तिने पायाने त्याला बाजूला लोटलं. जोरात नाही, पण लोटलं.

"काय झालं तिला?" बाईंनी घाबरून विचारलं.

मानसिंगरावांनी वाकून पिल्लाची पाठ हुंगली. "वास येतोय ना तिला. फिनेलचा, त्या फवाऱ्याचा. पंचवीस दिवस धुतलंय त्याला, बाई. ती शिसारतेय. तिचं पोर असं वास मारत नव्हतं."

पिल्लू दोघांच्या मधे उभं होतं. त्याने सोंड तोंडात घातली.

मानसिंगराव खाली वाकले, लिदीचा गोळा उचलला आणि पिल्लाच्या पाठीवर चोळू लागले. मुतानं भिजलेली माती घेतली, कानांना फासली. एका बाजूचं होईपर्यंत दुसऱ्या बाजूला शालिनीबाई गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्या मूठ मूठ लीद घेऊन पोट, मांड्या, शेपटीचं मूळ, कातडीची प्रत्येक घडी भरत होत्या. बाळांना तेल लावताना जशी एक घडी सुटू द्यायच्या नाहीत, तशीच त्यांनी इथेही सुटू दिली नाही. टोपी कधी पडली आणि पिल्लाच्या पायाखाली गेली ते कळलंही नाही. माश्या आल्या, तोंडावर बसल्या. हाकलायला हात मोकळा नव्हता.

बऱ्याच वेळाने रूपकळीची सोंड पुन्हा खाली आली. पाठीवर टेकली. थांबली. कानामागे गेली, पोटाखाली गेली, आणि तिथेच राहिली. तिच्या छातीतून एक घुमारा निघाला, तो ऐकू येण्याआधी बाईंच्या गुडघ्यांखालच्या जमिनीला कळला. पिल्लू पुढच्या दोन पायांच्या मधे शिरलं, सोंड वर टाकली आणि तोंड लावलं. दूध येत होतं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. ते ओढत मात्र होतं.

मग ती सोंड बाईंकडे वळली. बोटं हुंगली, तळहात हुंगला, मनगटावरून वर वर आली. कोपरापाशी लीद संपत होती आणि पांढऱ्या कोटाची इस्त्री सुरू होत होती. तिथे सोंड थबकली आणि फुस्स करून मागे गेली.

"राहू द्या आता, बाई," मानसिंगराव हात झटकत म्हणाले. "पोराला ओळखलं तिनं."

"माझं राहिलंय अजून," शालिनीबाई म्हणाल्या, आणि बाह्या खांद्यापर्यंत सारून त्या पुन्हा खाली वाकल्या.